उकळी नाकारणारे यंत्र

गुरुवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, रिठदमधल्या एका नीटनेटक्या स्वयंपाकघरात, तांब्याएवढ्या एका पांढऱ्या यंत्राने दूध उकळायला नकार दिला. ज्या भगवंतरावांनी चाळीस वर्षे टमाट्याला, वांग्याला, कारल्याला आणि प्रसंगी रुसलेल्या विहिरीलाही आपल्या मर्जीप्रमाणे वागायला लावले, त्यांच्या आयुष्यात पराभवाचा पहिला थेंब पडला. तो थेंब कोमट होता, हीच तर सगळी तक्रार होती.

यंत्राचे नाव बॉटल वॉर्मर. बाळाची बाटली त्यात उभी करायची, भोवती खुणेपर्यंत पाणी ओतायचे आणि बटण दाबायचे. आधी तांबडा दिवा लागतो, चार मिनिटांनी तो हिरवा होतो, की बाटली बाहेर काढायची. सून शुभांगीने बुधवारी गोलूला घेऊन मंगरूळपीरला माहेरी निघताना हे उभ्याउभ्या सांगितले होते. ती कागदावर सविस्तर लिहूनही देणार होती. पण भगवंतरावांनी तळहात आडवा धरला.

"राहू दे पोरी. टमाट्यावर औषध किती टाकाचं, हे मले चाळीस वर्सांत कोनी लिहून नाही देल्लं."

ते वाक्य उंबरठ्यावरून बाहेर पडले तेव्हा किती रुबाबदार दिसत होते! काही वाक्यांचे असेच असते. ती घरातून लग्नाच्या वरातीसारखी निघतात आणि तीन दिवसांनी एकटीच, धुळीने माखून, पायी परत येतात.

गोलू म्हणजे भगवंतरावांची सहा महिन्यांची नात. जन्मनोंदणीत तिचे नाव अन्विता आहे, पण तिच्या गालांकडे पाहून ते नाव घेण्याचे धैर्य घरात कुणालाच झाले नाही. शुभांगी वाशीमला एका कार्यालयात लिपिक होती आणि तिची बाळंतपणाची रजा रविवारी संपत होती. सासू आवडाबाई रविवार सोडून रोज पहाटेच्या गाडीने भाजी घेऊन वाशीमच्या बाजारात जात. वीस वर्षे बसून कमावलेली ती जागा एक दिवस मोकळी सोडली तर तिथे दुसऱ्याची मेथी उगवली असती. मुलगा धीरज दिवसभर मळ्यात. उरले भगवंतराव. दिवाळीत त्यांच्या कमरेतला एक मणका जागा सोडून सरकला होता, आणि डॉक्टरांनी तिथे वीतभर रुंदीचा पट्टा बांधून वाकण्याची मनाई केली होती. वाफ्यापुढे वाकता न येणारा बागाईतदार म्हणजे सुकून गेलेल्या नदीवरचा पूल. डौल तोच, पण खालून काहीच वाहत नाही. म्हणूनच त्यांनी एके संध्याकाळी पारावर, दहा माणसांच्या साक्षीने, जाहीर करून टाकले होते, "माह्या सुनेची नोकरी मी सांभाळीन. पोरीले मी पाजीन."

शुभांगीने ते ऐकले आणि शांतपणे अट घातली. "मामाजी, रविवारी मी येते. माझंच दूध काढून, थंड पेटीत ठेवून आणते. ते तुमी तापवा आणि तुमच्या हातानं पाजा. गोलूनं घेतलं तर सोमवारी मी रुजू होते. नाही घेतलं, तर बिनपगारी रजेचा अर्ज लिहून ठेवला हाय." अर्ज खरोखरच लिहिलेला होता. देव्हाऱ्याखालच्या फळीवर चार घड्या घालून ठेवलेला तो कागद भगवंतरावांना येताजाता दिसे. त्यात त्यांचे नाव कुठेही नव्हते, तरी तो आपल्याच नापास होण्याचा दाखला आहे असे त्यांना वाटे.

तर गुरुवारी त्यांनी सरावाला म्हणून गायीचे दूध बाटलीत भरले. बटण दाबले. दिवा तांबडा झाला, हिरवा झाला. वाफ नाही, साय नाही, फेस नाही. भगवंतरावांनी चार थेंब मनगटावर पाडले. मनगटाला काहीच कळले नाही. ना ऊन, ना गार. जणू कुणी हाक मारली आणि नावच घेतले नाही.

"हे बिघडेल हाय," त्यांनी निकाल दिला.

निकालाला पुष्टी देण्यासाठी शेजारी हजर होतेच. बबनरावांनी तीस वर्षे गावच्या पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह फिरवला होता, त्यामुळे नळीतून किंवा तारेतून जे जे वाहते त्या सर्वांवर आपला अधिकार आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. त्यांनी यंत्र उचलून कानाशी धरले.

"आवाजच नाही काही. भगवंतभाऊ, मशीन काम करत असली का ते आवाज करते. माहा मिक्सर पाहा."

"अवो, सून तं कोमट म्हणे," भगवंतराव जरा चाचरले.

"कोमट म्हणजे आधी उकळलेलं आन् मग निवलेलं!" बबनरावांच्या पत्नी मनकर्णाबाई दारातूनच कडाडल्या. "न उकळता कोमट झालेलं दूध मी तं जन्मात नाही पाह्यलं. ज्या दुधाले साय नाही त्याच्यात सत नाही. माही चार पोरं काय हिरव्या दिव्यावर वाढली काय?"

या युक्तिवादात एकही भोक नव्हते. वऱ्हाडातल्या प्रत्येक चुलीवर दूध आधी उतू जाण्याच्या कडेपर्यंत जाते आणि मगच माणसाच्या ओठांकडे परतते. उकळी हा दुधाचा संस्कार. तो न झालेले दूध म्हणजे मुंजीआधीच बोहल्यावर चढलेला नवरदेव. यंत्र संस्कारहीन होते, यावर तिघांचे एकमत झाले.

त्याच वेळी फोन वाजला. शुभांगी विचारत होती, "मामाजी, मशीन चालू केली? जमून राह्यलं ना?"

खरे सांगण्याची ही संधी होती. पण समोर बबनराव उभे होते, कमरेला पट्टा होता आणि पारावरचे ते वाक्य अजून हवेत होते.

"जमून राह्यलं म्हणजे? एकदम झकास!" भगवंतराव म्हणाले, आणि तिने आणखी काही विचारायच्या आत फोन ठेवून दिला.

बबनरावांचे निदान असे पडले की, दोष यंत्रात नसून विजेत आहे. "दाब कमी हाय. पाण्याचं असंच असते. टाकी भरेल असली तरी शेवटच्या घरी धार बारीक." शुक्रवारी सकाळी ते भगवंतरावांना घेऊन वीज कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाने तक्रारीचा छापील अर्ज पुढे सरकवला. त्यात उपकरणाच्या रकान्यात पाच पर्याय होते : दिवा, पंखा, पंप, गिरणी, इतर.

"इतर लिहा," भगवंतराव म्हणाले.

कारकुनाने चष्मा काढला. "काका, इतर लिहिलं का फाइल वर जाते. वर गेलेली फाइल मी बारा वर्सांत खाली येताना नाही पाह्यली. तुमाले पोरीले दूध पाजाचं हाय का तिच्या लग्नात अक्षता टाकाच्या हायेत?"

"मंग?"

"पाणी असते ना मशीनमधी? मंग पंप लिहा. पंपाले माणूस दुपारपर्यंत येते."

अशा रीतीने सरकारदरबारी नोंद झाली : 'ग्राहकाचा पंप दूध तापवत नाही.' भगवंतरावांनी खाली सही केली. सही करताना त्यांना उगीचच वाटले की, आपण भाषेच्या एखाद्या निर्मनुष्य प्रदेशात येऊन पोचलो आहोत, जिथे शब्द उभे आहेत आणि त्यांच्यामागची माणसे निघून गेली आहेत. बबनरावांना असे काही वाटले नाही. त्यांनी चहा मागवला.

दुपारी लाइनमन जगदेव आला. त्याने तक्रारीचा कागद दोनदा वाचला, आधी विहिरीकडे पाहिले, मग गोठ्याकडे पाहिले. "काका, पंप गायीले जोडला काय?"

स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या तांब्यापर्यंत त्याला आणून सारी हकिगत समजावून देण्यात अर्धा तास गेला. मग त्याने आपले मापक बोर्डात घातले आणि त्याचा चेहरा उजळला.

"दोनशे एकतीस व्होल्ट! काका, असा दाब पाह्याले मिळत नाही. लोक याच्यासाठी नवस करतात. थांबा, फोटो काढतो, साहेबाले पाठवतो." फोटो काढून झाल्यावर त्याने खिशातून आणखी एक कागद काढला. "आलोच हावो तं इथं एक सही करा. समाधानपत्र. तुमच्यासारखा समाधानी ग्राहक मले या महिन्यात दुसरा भेटला नाही."

तक्रार करायला गेलेले भगवंतराव संध्याकाळी समाधानी ग्राहक म्हणून नोंदले गेले. नकार पचवता येतो, पण कुणी आपल्या तोंडात जबरदस्तीने समाधान कोंबले तर माणसाने कुठे पाहावे? ते पट्टा सैल करून ओसरीवर पडले. फळीवरचा अर्ज तिथूनही दिसत होता.

वीज निर्दोष सुटली, म्हणजे आरोपी पुन्हा यंत्रच. शनिवारी आवडाबाई बाजारात बसल्या असताना भगवंतराव एस.टी.ने वाशीमला गेले. यंत्र टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलेले, समोरच्या बाईने "किती महिन्यांचं हाय?" असे कौतुकाने विचारलेही. स्टेशनजवळच्या एका बोळात बाबूसिंग मिक्सर, पंखे आणि पंपाच्या मोटारी दुरुस्त करी. असे नाजूक यंत्र त्याने आधी कधी उघडले नव्हते, पण उघडल्यावाचून तो कुणालाच सोडत नसे. चार स्क्रू फिरवून त्याने आत डोकावले आणि हसला.

"काका, मशीन चंगी हाय. ह्यो पाहा थर्मोस्टॅट. हाच चोर. पाणी चाळीसच्या आसपास गेलं का हा करंट कापते. कितीबी जोर लावा, पुढं जाऊच देत नाही."

एखाद्या शहाण्या माणसाने एवढ्यावर यंत्राची क्षमा मागितली असती. बाबूसिंगने अजाणता सगळे सत्य सांगून टाकले होते. पण भगवंतरावांना त्यात फक्त 'चोर' एवढेच ऐकू आले.

"काढून टाक त्याले."

"बिलकूल!" बाबूसिंगने तो बटणाएवढा तुकडा काढला, तारा थेट जोडल्या, तुकडा कागदाच्या पुडीत बांधून परत दिला. "पुराना माल गिऱ्हाइकाले वापस. आपला उसूल हाय."

मग बटण दाबले. तांबडा दिवा तांबडाच राहिला. आधी पाणी गुणगुणले, मग खदखदले, मग बाटली आतल्या आत थरथरू लागली आणि सरावाचे दूध झाकण ढकलून बाहेर आले. "आली! उकळी आली!" भगवंतराव ओरडले. बोळातली चार माणसे जमली. तीन दिवसांचा अपमान त्या वाफेबरोबर वर गेला. परतीच्या गाडीत त्यांनी खिडकी उघडी ठेवली. हरभऱ्याची शेते दोन्ही बाजूंनी मागे जात होती आणि प्रत्येक घाट्यात त्यांना आपलाच गौरव दाटलेला दिसत होता.

घरी येऊन टॉवेल उलगडला, तेव्हा बाटली एका कुशीला वाकलेली आढळली. तिच्यावरचे माप पुसट झाले होते आणि बाटलीचे चोखायचे मऊ रबरी बूच आकसून अंजिरासारखे झाले होते. भगवंतरावांनी ते बोटाने दाबून पाहिले. गोलूचे ओठ त्याच्यावर टेकणार होते, हा विचार प्रथमच त्यांच्या मनात आला, आणि तो त्यांना आवडला नाही.

संध्याकाळी आवडाबाई बाजारातून आल्या त्या घाईतच. उन्हाळी कारल्याचे बी भिजत घालायचे होते. माघाच्या थंडीत ते बी आपणहून उठत नाही. त्याला ऊन पाण्यात भिजवून, फडक्यात बांधून, उबेत ठेवावे लागते, तेव्हा कुठे चार-सहा दिवसांत मोड फुटतो. हे पाणी आजूबाजूची तीन घरे भगवंतरावांच्याच हाताखालून काढून नेत. घंगाळात ऊन पाणी, त्यात गार पाण्याची धार आणि मध्ये भगवंतरावांचे मनगट. ते "बस" म्हणेपर्यंत अंगणात कुणी बोलायचे नाही, असा नियमच होता. मनकर्णाबाईसुद्धा आपल्या बियांची पुरचुंडी छातीशी धरून गप्प उभ्या राहिल्या; वर्षातला त्यांच्या मौनाचा तो एकमेव मुहूर्त.

कमरेमुळे आवडाबाईंनी घंगाळ स्टुलावर ठेवले. भगवंतरावांनी मनगट बुडवले. पोळले. आवडाबाईंनी गार पाणी ओतले. अजून ऊन. आणखी एक धार. आणि मग ती जागा आली. पाणी आणि कातडी यांच्यामधली सीमारेषा पुसली गेली. कुठे आपण संपतो आणि कुठे पाणी सुरू होते, ते कळेनासे झाले. मनगटाला काहीच कळले नाही. ना ऊन, ना गार.

"बस," ते म्हणाले, पण मनगट पाण्याबाहेर काढले नाही.

"काय झालं?" आवडाबाईंनी विचारले.

"धीरजची माय, हे पाणी उकळून टाकलं असतं तं?"

"तं काय? बी मेलं असतं. तुमीच तं दरवर्सी सांगता. जित्त्या जिनसेले जित्त्या अंगाइतकीच ऊब."

गुरुवारचे चार थेंब भगवंतरावांच्या मनगटावर पुन्हा पडले. तेच होते ते. अगदी तेच. चाळीस वर्षे ज्या एका स्पर्शासाठी अख्खे अंगण श्वास रोखून उभे राहत आले, तो स्पर्श त्या मुक्या यंत्राने पहिल्याच दिवशी, चार मिनिटांत, बिनचूक साधला होता. शुभांगीचे दूध म्हणजे बाजारातून आलेले, चुलीवर चढवायचे दूध नव्हते. ते आईच्या अंगातून निघालेले, त्याच उबेने परत द्यायचे होते. आणि आपण काय केले? यंत्राची वरपर्यंत तक्रार केली, त्याला चोर ठरवले आणि त्याची अक्कल काढून पुडीत बांधून आणली.

"मनकर्णाबाई," ते हळूच म्हणाले, "तुमचं बी टाका. उकळलेल्यात टाकू का कोमटात?"

"उकळलेल्यात काहून? बी काय भाजाचं हाय?" मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि आपण काय बोललो याचा त्यांनाही बारीकसा संशय आला.

रविवारी अकरा वाजता शुभांगी उतरली. कडेवर गोलू, खांद्याला थंड पेटी. रात्रभर भगवंतरावांनी तीन वेगवेगळ्या सबबी रचल्या होत्या. त्यांतली एक तर विजेच्या दाबावर होती आणि फोटोसह सिद्ध करता आली असती. पण गोलू त्यांच्याकडे पाहून बिनदाताचे हसली आणि तिन्ही सबबी गळून पडल्या.

"पोरी, मशीन मी बिघडवली," ते म्हणाले. "ते बरोबर होती. मीच चुकलो. फोनवरबी खोटं बोललो." आणि त्यांनी पुडी पुढे केली.

शुभांगीने पुडी उलगडली, तुकडा पाहिला, मग वाकलेली बाटली पाहिली. "मामाजी, दुधाची बाटली मी एकच आणली," ती एवढेच म्हणाली. तिची नजर फळीवरच्या अर्जाकडे गेली.

"एकच पुरते. बियाणंबी एकदाच भिजवाचं असते."

एक वाजता गोलूने भुकेची पहिली वर्दी दिली. भगवंतरावांनी साबणाने हात धुतले. आवडाबाईंनी स्वच्छ पातेल्यात ऊन पाणी काढले आणि पातेले विस्तवापासून दूर, ओट्यावर ठेवले. गार पाण्याची धार, मनगट. पुन्हा धार, पुन्हा मनगट. "बस." मग बाटली पाण्यात उभी केली, बूच पाण्याच्या वर. ते तिला न हलवता, न घुसळता, दोन तळव्यांत हळूच फिरवत राहिले. शेवटी चार थेंब मनगटावर पाडले. काहीच कळले नाही. इतका आनंद त्यांना काहीच न कळल्याचा यापूर्वी कधी झाला नव्हता.

शुभांगीने बाळाच्या अंघोळीच्या पाण्याचा तापमापक त्या पातेल्यात बुडवला. "अडतीस," ती म्हणाली, आणि खात्रीसाठी आकडा पुन्हा एकदा वाचला.

"तू मागच्या अंगणात जाय," आवडाबाईंनी तिला पिटाळले. "तू दिसली का ते बाटलीकडं ढुंकूनबी नाही पाहनार."

गोलूने बाटली पाहिली आणि तोंड फिरवले. बूच ओठांना लागताच जिभेने बाहेर ढकलले. मग ओठ थरथरले आणि रडण्याची प्रस्तावना सुरू झाली. दारातून बबनरावांचे डोके आत आले.

"मी सांगतलं होतं, भगवंतभाऊ. साय पायजे."

भगवंतरावांनी मान वर केली नाही. बी भिजवताना करत तसा फक्त डावा तळहात उचलला. अंगणाचा तो जुना नियम बबनरावांच्या हाडीमाशी इतका मुरलेला होता की, ते पुढचे वाक्य गिळून जागच्या जागी गप्प झाले.

आणि मग भगवंतराव थांबले. मोडासाठी फडके सारखे उकलून पाहणाऱ्याचे बी कधी उगवत नाही, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी गोलूला थोडी उभी धरली, पट्ट्याच्या वर, छातीशी. बाटली तिच्या खालच्या ओठाला नुसती टेकवली आणि ढकलली नाही. एक थेंब ओठावर आला. ओळखीचा थेंब, ओळखीची ऊब. गोलूचे रडणे प्रस्तावनेवरच अडले. कपाळावर आठी पडली, विचार झाला, आणि तिने तोंड उघडले.

बाटलीत एक बुडबुडा वर चढला. मग दुसरा. मग बुडबुड्यांची रांगच लागली.

"गुटूक गुटूक करून राह्यली!" मनकर्णाबाई बबनरावांच्या पाठीमागून ओरडल्या, आणि त्यांना कुणीही गप्प केले नाही. खिडकीच्या गजांपलीकडे शुभांगी पदराने डोळे टिपत होती, आणि हसतही होती. बाटलीच्या तळाशी बोटभर उरले तेव्हा गोलूने तोंड फिरवले. मनकर्णाबाईंनी ते संध्याकाळसाठी झाकून ठेवायला हात पुढे केला. भगवंतरावांनी तो अडवला. "एकदा उष्टं झालेलं, तापवलेलं पुन्हा नाही पाजाचं. बरोबर ना पोरी?"

"बरोबर, मामाजी," खिडकी म्हणाली.

सोमवारी सकाळच्या गाडीने शुभांगी वाशीमला रुजू झाली. जाताना पुडी आणि यंत्र ती सोबत घेऊन गेली. बाबूसिंगने चोराला सन्मानाने त्याच्या जागी बसवले, तीनदा पाण्यावर तपासून घेतले आणि पैसे नाकारले. तोही त्याचा उसूल असावा. मंगळवारी भगवंतरावांच्या फोनवर संदेश आला : 'पंप दूध तापवत नाही ही आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' बबनरावांनी तो पारावर मोठ्याने वाचून दाखवला आणि आपण सोबत गेलो होतो म्हणूनच हे झाले, असे सांगितले.

बुधवारी संध्याकाळी कारल्याच्या बियांना मोड फुटलेले दिसले. मोजायला, पसरायला कागद हवा होता. आवडाबाईंनी फळीवरचा अर्ज चार घड्या उलगडून ओट्यावर अंथरला आणि बिनपगारी रजेच्या विनंतीवर पांढरे कोंब एकेक करून निजवले.

शेजारीच यंत्र उभे होते. तांबडा दिवा हिरवा झाला. पाळण्यातून गोलूने हाक दिली. भगवंतरावांनी नवी बाटली काढली, चार थेंब मनगटावर पाडले आणि डोळे मिटले.

मग त्यांनी यंत्राच्या डोक्यावर हलकेच थोपटले.

"पास," ते म्हणाले.